मोठ्या रीफ टँकमध्ये पाणी फिरवताना: पंप कोणते, किती आणि कुठे

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि तिच्या आत पाणी हलवणारा पंप म्हणजे वेव्हमेकर. त्याच्या खोक्यावर ‘ताशी १७,००० लिटर’ असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा मोकळ्या पाण्यातला, समोर काहीही आडवं नसताना, कोऱ्या पंपाचा असतो. तुमच्या टाकीत त्या पंपासमोर दगड असतात, प्रवाळ असतात, पलीकडची काच असते आणि तीन महिन्यांनी पंपाच्या जाळीवर शेवाळही असतं. त्यामुळे पंपांनी तासाला ‘टाकीच्या तीसपट पाणी हलवावं की पन्नासपट’ हा वाद खरेदीच्या आधी एकदाच घालावा आणि सोडून द्यावा. पुढे प्रश्न उरतो तो एवढाच, की पंपातून निघालेलं पाणी जातं कुठे आणि परत येतं कुठल्या वाटेने.

गोव्यात टाकी असेल तर त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पंप पाण्यात किती उष्णता सोडतो, आणि पावसाळ्यात वीज गेली की काय चालू राहतं. या दोन्हींचा विचार पंप विकत घेण्याच्या आधीच करायला हवा, म्हणून त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

हिशेबाला एक टाकी धरू: लांबी २४० सेंटिमीटर, रुंदी ७५, उंची ६०. पाणी ५५ सेंटिमीटरपर्यंत भरलं तर ९९० लिटर. दगड आणि वाळू वजा जाता साधारण ९०० लिटर पाणी उरतं. खाली सम्पमध्ये, म्हणजे उपकरणांच्या खालच्या टाकीत, आणखी १५० लिटर. टाकीत खालच्या भागात एलपीएस (मोठ्या पॉलिपचे दगडी प्रवाळ) आणि सॉफ्टी (मऊ प्रवाळ), वरच्या तिसऱ्या हिश्शात एसपीएस (लहान पॉलिपचे दगडी प्रवाळ). अशा मिश्र टाकीला आतल्या पंपांची एकूण क्षमता पाण्याच्या ३० ते ५० पट लागते, म्हणजे ताशी २७,००० ते ४५,००० लिटर. फक्त सॉफ्टी आणि झोआ (बटणांसारखे मऊ गुच्छ) असतील तर १५-२० पट पुष्कळ झालं. टाकी अॅक्रोपोराने (फांद्यांच्या एसपीएसने) भरायची असेल तर ५० च्या पुढे जावं लागतं. आकड्यांचं काम इथे संपलं.

जोर आणि रुंदी

प्रवाळाच्या अंगाला पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो. अन्न, कार्बन, कॅल्शियम आत जाताना आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेला जास्तीचा ऑक्सिजन बाहेर पडताना याच थरातून वाट काढावी लागते. प्रवाह वाढला की थर पातळ होतो आणि देवाणघेवाण वाढते. अंगावरचा चिकट स्राव आणि गाळही वाहून जातो. खऱ्या खडकावर हे काम लाटा करतात. पाणी येतं, थबकतं, उलट जातं. सतत एकाच दिशेने मारलेल्या फवाऱ्यात ही अदलाबदल नसते. फवाऱ्याच्या बाजूचं ऊतक सोलून निघतं आणि पाठीमागच्या बाजूला गाळ साचतो.

गोव्यातल्या खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या, बांधातली मानस (पाणी आतबाहेर सोडायचं दार) पाहिली असेल, तर फवारा आणि प्रवाह यांतला फरक वेगळा सांगायला नको. मानशीच्या अरुंद दारातून पाणी जोरात घुसतं, दारासमोरची जमीन खरवडून तिथे खोल डोह करतं, आणि चार हात बाजूला चिखल जिथल्या तिथे राहतो. टाकीत लहान तोंडाचा जोरकस पंप हेच करतो. समोर वाळूत खड्डा, कोपऱ्यात गाळाचा ढीग. आपल्याला हवा असतो रुंद, मवाळ, दिशा बदलणारा लोंढा.

म्हणून रिटर्न पंपाकडून प्रवाहाची अपेक्षा ठेवू नये. त्याचं काम पाणी सम्पमधून वर चढवायचं. प्रोपेलर पंपाचं, म्हणजे पंख्याच्या वेव्हमेकरचं, काम पाणी आडवं ढकलायचं, तेही जवळजवळ शून्य दाबावर. दाब लागत नाही म्हणूनच ४० वॉटच्या आसपास तो ताशी १७,००० लिटर हलवतो. तेवढं पाणी दीड-दोन मीटर वर चढवायला याच्या कित्येक पट वीज लागेल.

रिटर्न पंप आणि त्याची नळी

९०० लिटरच्या टाकीला रिटर्नमधून ताशी ३,६०० ते ४,५०० लिटर पोचलं की बस्स, म्हणजे चार-पाच पट. त्याहून जास्त पाणी फिरवल्याने स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) जास्त काम करत नाही. उलट ओव्हरफ्लो (टाकीतलं पाणी वरून खाली सम्पमध्ये सोडणारी वाट) गुरगुरतो आणि सम्पमध्ये बुडबुडे होतात. ताशी १०,००० लिटरचा डीसी (वेग कमी-जास्त करता येणारा) पंप घेऊन तो निम्म्या-साठ टक्क्यांवर चालवणं हा सगळ्यात शांत मार्ग. पुढेमागे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा रिअॅक्टर (पाण्यावर प्रक्रिया करणारं नळकांडं) जोडायचा झाला तर हातात काही शिल्लकही राहते.

इथे बहुतेक जण पंपावर पैसे घालतात आणि नळीवर वाचवतात. ताशी ४,५०० लिटर म्हणजे सेकंदाला सव्वा लिटर. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून हे पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने धावतं आणि दर मीटर नळीमागे सुमारे २६ सेंटिमीटर उंचीइतका दाब घर्षणात जातो. प्रत्येक काटकोनी एल्बो आणखी ३० सेंटिमीटर खातो. चार एल्बो आणि तीन मीटर नळी म्हणजे जवळजवळ दोन मीटर उंची फुकट गेली. तीच नळी ३६ मिलिमीटर आतल्या व्यासाची घेतली की दर मीटरला चार-पाच सेंटिमीटर आणि दर एल्बोला सातच. त्यामुळे पंपाच्या तोंडाशी लगेच नळी मोठी करायची आणि वर टाकीच्या काठापर्यंत मोठीच ठेवायची. एका काटकोनाऐवजी दोन ४५ अंशांचे बेंड बसवले तर आणखी बरं.

हार्डवेअरच्या दुकानात एक घोळ हमखास होतो. शेतीची पीव्हीसी नळी बाहेरच्या व्यासाने मोजतात: ३२, ४०, ५० मिलिमीटर. घरगुती प्लंबिंगची यूपीव्हीसी नळी इंचांत मिळते आणि तिचा एक इंच म्हणजे बाहेरून ३३.४ मिलिमीटर. आयात केलेल्या पंपांबरोबर येणारे युनियन (उघडता येणारे जोड) बरेचदा ३२ मिलिमीटरवाल्या मापाचे असतात. दोन्ही हातात धरले तर सारखेच वाटतात, ‘सोल्युशन लावून बसेल’ असंही कोणीतरी सांगतं. दीड मिलिमीटरच्या फरकावर सोल्युशनचा जोड टिकत नाही. पंपाचा युनियन खिशात घालून दुकानात जा आणि तिथेच बसवून बघा.

रिटर्नचं तोंड पाण्याखाली किती असावं, याचा हिशेब वीज गेल्यावर कळतो. पंप थांबला की तोंडातून पाणी उलटं सम्पमध्ये ओढलं जातं. आपल्या टाकीचा पृष्ठभाग १८,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की १८ लिटर खाली. तोंड पाच सेंटिमीटर बुडालेलं असेल तर ९० लिटर. सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल तर ते पाणी फरशीवर. पातळीच्या एक सेंटिमीटर खाली नळीला पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडलं की तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. मात्र त्या भोकात शेवाळ किंवा छोटी गोगलगाय बसते, म्हणून महिन्यातून एकदा ते काडीने मोकळं करायचं. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेवर) एकट्यावर भिस्त ठेवू नका. त्याच्या झाकणावर चुन्याचा थर जमला की तो अर्धवट उघडा राहतो, आणि हे पूर आल्यावरच समजतं.

आतले पंप: कोणत्या जातीचे

बाजारात ढोबळमानाने तीन जाती. पहिली, साधा प्रोपेलर पंप: मोटर आणि पंखा दोन्ही पाण्यात, चुंबकाने काचेला धरलेला. ट्युंझे, जेबाओ वगैरे कंपन्यांचे. दुसरी, मोटर काचेच्या बाहेर आणि पंखा आत, मध्ये फक्त चुंबकीय ओढ. इकोटेकचा व्होर्टेक या जातीचा. आत वायर नाही आणि मोटरची बरीचशी उष्णता बाहेर राहते. तिसरी जायर: आडवा, रुळासारखा पंखा. तो पाण्याची रुंद चादर काढतो. चादर पृष्ठभागाखालून पलीकडच्या काचेपर्यंत जाते, खाली वळते आणि तळाने परत येते.

गोव्याच्या हवेत दुसऱ्या जातीचा उष्णतेचा फायदा खरा आहे, पण तिला एक अट लागते: काचेची जाडी. व्होर्टेक एमपी४० हा १९ मिलिमीटरपर्यंतच्या काचेसाठी आहे. टाकी ज्याने बांधली त्याने दोन काचा जोडून मजबुती केली असेल, किंवा वरच्या कडेला आतून पट्टी चिकटवली असेल, तर त्या जागी पंप बसणार नाही. बाहेरच्या मोटरमागे हवा खेळती हवी. चिऱ्याच्या भिंतीला पावसात ओल येते आणि टाकी भिंतीला खेटून असेल तर मोटर त्या ओलीत आणि स्वतःच्याच उष्णतेत भाजते. मागे १५ सेंटिमीटर सोडा. हात घालून पंप काढता येईल, एवढं अंतर तसंही लागतंच.

२४० सेंटिमीटर लांबीला एक जायर कमी पडतो. चादर पलीकडे पोचेपर्यंत मंदावते आणि तळाने परतताना तिच्यात दम उरत नाही. एकतर दोन्ही टोकांना एकेक जायर लावून आळीपाळीने चालवावेत, किंवा टोकांना दोन मोठे प्रोपेलर पंप आणि दगडांच्या मागे एक लहान. या टाकीसाठी आमची पसंती दुसऱ्या मांडणीला: १७,००० लिटरच्या वर्गातले दोन आणि ५,००० च्या आसपासचा एक. एकूण सुमारे ३९,०००, म्हणजे पूर्ण जोरावर ४३ पट. सरासरी साठ टक्क्यांवर चालवले तर २६ पट. एक बंद पडला तरी दुसरा टाकी तगवतो. एकच अजस्र पंप घेतला की तो बंद पडल्यावर काहीच उरत नाही. दोन्ही मोठे पंप एकाच मॉडेलचे घ्या, म्हणजे एक सुटा रोटर दोघांनाही चालतो.

कुठे लावायचे

पंपांची जागा दगड रचण्याच्या आधी ठरवायची. उलट क्रमाने गेलात तर दगडच पंपांना जागा सांगतात. मागच्या काचेला टेकवून दगडांची भिंत रचली की तिच्यामागे कायमचं डबकं तयार होतं. दोन-तीन सुटी बेटं करा, मागच्या काचेपासून १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, बेटांखाली दोन-तीन ठिकाणी हात जाईल एवढ्या कमानी सोडा. (दगडावरून एक गोष्ट: ग्रँड आयलंडजवळून किंवा बोगमाळोच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, मेलेला असला तरीही. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले दगड चालतात, आणि त्यांना कमानी करणंही सोपं.)

दोन मोठे पंप दोन टोकांच्या आखूड काचांवर, पृष्ठभागापासून १२ ते २० सेंटिमीटर खाली. याहून वर घेतले तर भोवरा होऊन हवा आत खेचली जाते आणि टाकीभर बारीक बुडबुडे फिरतात. याहून फार खाली घेतले तर वाळू उडते. दोघांची उंची अगदी सारखी नको. एक १२ वर, दुसरा २० वर. आणि नाकासमोर नाक नको. एक मागच्या काचेकडे थोडा वळलेला, दुसरा पुढच्या काचेकडे. दोन्ही प्रवाह मध्यावर थेट भिडले तर मध्यभागी पाणी थबकतं आणि त्याखाली गाळाची लांबट रेघ पडते. एकमेकांच्या बाजूने सरकले तर तिथे एक सावकाश फिरणारा मोठा भोवरा होतो, आणि मधल्या बेटाला सगळ्या बाजूंनी पाणी मिळतं.

पुढची काच हा फुकटचा पंप आहे असं समजा. प्रवाह तिच्यावर तिरपा आदळला की फुटतो, पसरतो, मवाळ होऊन दगडांकडे परततो. अॅक्रोपोराला असं फुटलेलं पाणी मानवतं. पंपाच्या थेट तोंडासमोर, एवढ्या ताकदीच्या पंपापासून ४५ सेंटिमीटरच्या आत, कोणताही प्रवाळ ठेवू नये. लहान पंपाला ३० सेंटिमीटर.

तिसरा, लहान पंप मागे: मागच्या काचेच्या एका कोपऱ्यात, तळापासून साधारण २० सेंटिमीटर वर, दगडांमागच्या गल्लीतून ओव्हरफ्लोच्या दिशेने. तो दिसत नाही, म्हणून लोक त्याला टाळतात, आणि सहा महिन्यांनी नायट्रेट का चढतंय याचा शोध घेत बसतात. त्याचं काम झाडूचं. गाळ उचलून धरायचा, म्हणजे तो वर तरंगत ओव्हरफ्लोतून सम्पमध्ये आणि तिथून स्किमरमध्ये किंवा फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) जातो. त्यात फारशी अक्कल घालायची गरज नाही, एकसारख्या मंद गतीवर ठेवला की झालं.

एकतरी मोठा पंप किंचित वर झुकलेला हवा, पृष्ठभाग खळबळला पाहिजे. वायूंची देवाणघेवाण तिथेच होते आणि पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्राही ओव्हरफ्लोकडे सरकतो. खळबळ म्हणजे थरथरणारा, चकाकणारा पृष्ठभाग. शिंतोडे उडत असतील तर जास्त झालं. शिंतोड्यांचं मीठ दिव्यांवर आणि काचेच्या पट्ट्यांवर साचतं.

वाळू अर्ध्या मिलिमीटरची, साखरेसारखी घेतली असेल तर या प्रवाहात ती टिकणार नाही. एका टोकाला काच उघडी पडेल, दुसऱ्याला टेकडी. एक ते दोन मिलिमीटरची अॅरागोनाइट (चुन्याच्या खनिजाची) वाळू घ्या. तरीही एका जागी खड्डा पडत असेल तर पंपाचा जोर कमी करण्याआधी त्याचं तोंड पाच-दहा अंश वर करून बघा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

तपासायचं कसं

अॅक्रिलिकच्या एका काडीला दर दहा सेंटिमीटरवर लोकरीचे बोटभर धागे बांधा. काडी पाण्यात उभी धरून टाकीभर सावकाश फिरवा. धागा एका दिशेला ताठ झाला तर तिथे फवारा. धागा लोंबकळत राहिला तर डबकं. धागा मागेपुढे, आजूबाजूला हलत राहिला तर तिथे प्रवाळ लावा.

वेग मोजायचा तर चिमूटभर बारीक कोरडं खाद्य ओलं करून पंपाच्या वाटेत सोडा आणि ३० सेंटिमीटर अंतर जायला किती सेकंद लागले ते मोजा. तीन सेकंद लागले तर सेकंदाला दहा सेंटिमीटर. एसपीएसला ढोबळमानाने १० ते २०, एलपीएसला ५ ते १०. युफिलियाचे (लांब हातांच्या एलपीएसचे) हात डुलले पाहिजेत, आडवे पडून एका बाजूला चिकटले नाही पाहिजेत. गोनिओपोरा (फुलांच्या गुच्छासारखा एलपीएस) एकाच बाजूने मिटलेला असेल तर त्या बाजूला पंपाचा मार बसतोय.

दर आठवड्याला मोठ्या सिरिंजने दगडांवर पाण्याचा फवारा मारा. जिथून ढग उठतो ती जागा लक्षात ठेवा. तीन आठवडे तिथूनच ढग उठत असेल तर पंपाची दिशा बदला. लालसर सायनोचा (चिकट सायनोबॅक्टेरियांचा) गालिचा बहुधा अशाच जागी पसरतो. प्रवाह हे त्याचं एकमेव कारण नसतं, पण गाळ बसतो तिथे त्याला खाणं मिळतं.

एक गोष्ट नव्या टाकीत कळत नाही. अॅक्रोपोराची हाताच्या पंजाएवढी वसाहत वर्षा-दीड वर्षात झुडूप होते आणि स्वतःच प्रवाह अडवते. तिच्या आतल्या फांद्यांची बुडं पांढरी पडायला लागतात, त्यावर शेवाळ चढतं, आणि मालक पाण्याच्या चाचण्या करत बसतो. पाणी ठीकच असतं. आत जात नाही, एवढंच. पंप हलवा, किंवा फांद्या छाटा.

वेळापत्रक आणि लाट

चोवीस तास एकच गती ठेवण्यात काही अर्थ नाही. दिवसा दोन्ही मोठे पंप ३० ते ८० टक्क्यांमध्ये वेडेवाकडे बदलणारे. दर सहा तासांनी मुख्य पंपाची बाजू बदलली तर उत्तम. जुवारी नदीच्या मुखाशी पाणी तसंच वागतं, साधारण सहा तास आत, सहा तास बाहेर. जिथे एका बाजूने गाळ बसला तिथून दुसऱ्या फेरीत तो उठतो. रात्री जोर कमी करायला हरकत नाही, पण पृष्ठभाग शांत होऊ देऊ नका. दिवे बंद झाले की ऑक्सिजन बनणं थांबतं, खर्च चालूच राहतो, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो.

पल्स मोडमध्ये लाट उठवायचा मोह सगळ्यांना होतो. २४० सेंटिमीटर लांब आणि ५५ खोल पाण्याचा स्वतःचा झोका सुमारे २.२ सेकंदांचा. पंप १.१ सेकंद चालू आणि १.१ सेकंद बंद ठेवला की झोका साधतो, आणि अगदी कमी विजेत अख्खी टाकी हेलकावे घेते. प्रवाळांना ते आवडतं, यात शंका नाही. पण एक टनाचं वजन दर दोन सेकंदांनी इकडून तिकडे जातं. सिलिकॉनचे सांधे आणि स्टँडचे जोड त्यासाठी बांधलेले नसतात. लाटेची उंची टोकाला दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, दिवसातून दोन-तीन तासांपुरतीच चालवा, आणि स्टँडवर पाण्याचा पेला ठेवून बघा. पेल्यातलं पाणी हलत असेल तर लाट बंद करा.

खाणं घालताना फीड मोड वापरा, दहा मिनिटांनी पंप आपोआप चालू होणारा. हाताने बटण बंद केलं की ते परत चालू करायचं राहून जातं.

उष्णता

आत बुडालेला पंप जितकी वीज घेतो तितकी सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यात उतरते. रिटर्न, वेव्हमेकर, स्किमर मिळून १५० वॉट धरा. १,०५० लिटर खाऱ्या पाण्यात तेवढी उष्णता दिवसभर साचली आणि बाहेर काहीच गेली नाही, तर पाणी तीन अंशांनी चढेल. जानेवारीत पहाटे कोरडा वारा असतो तेव्हा ही उष्णता पंख्याने जाते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की सुमारे २.४ मेगाज्यूल बाहेर जातात, म्हणजे १५० वॉटची भरपाई करायला दिवसाला साडेपाच लिटर उडावं लागतं. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असताना तेवढं उडत नाही. मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असते. तेव्हा चिलर लागणारच, आणि पंपांचा प्रत्येक वॉट चिलरला परत बाहेर काढावा लागतो. म्हणून गोव्यात जुना स्वस्त एसी पंप शेवटी महाग पडतो. विजेचं बिल दोनदा भरावं लागतं.

पाणी २६ अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे ६.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर ६.२. गरम पाण्यात मावतो कमी, आणि मासे-प्रवाळ वापरतात जास्त.

वीज

पंप दोन वेगवेगळ्या सर्किटवर लावा, दोन वेगळ्या ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवर (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर). एकाच आरसीसीबीवर सगळं असलं आणि घरात कोणी नसताना तो पडला, तर संध्याकाळपर्यंत टाकी संपते. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. अडॅप्टर आणि कंट्रोलर सम्पच्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात त्या कपाटातली हवा म्हणजे मिठाची वाफ. बाहेर, भिंतीवर, सॉकेटच्या उंचीला लावा आणि जोडांना सिलिकॉन ग्रीज फासा.

वीज परत आल्यावर काही कंट्रोलर ठेवलेलं सेटिंग विसरतात, काही पूर्ण जोरावर सुरू होतात. हे मे महिन्यातच मुद्दाम वीज बंद-चालू करून तपासा. जुने एसी प्रोपेलर पंप वीज आल्यावर कधी उलटेही फिरतात. आवाज चालू असतो, पण पाणी पुढे जात नाही.

बॅकअपला सगळे पंप नकोत. २४ व्होल्टचा एक मोठा पंप, १० वॉटवर, तोंड पृष्ठभागाकडे. १२ व्होल्ट ४० अँपियर-तासाच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडल्या की ९६० वॉट-तास. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे निम्मेच वापरायचे, म्हणजे ४८०. तोटे धरून चाळीस-एक तास. एक धोका: चार्ज होताना या जोडीचा दाब २७-२८ व्होल्टच्या वर जातो, आणि प्रत्येक कंट्रोलरला तो सोसत नाही. मध्ये २४ व्होल्ट देणारा डीसी कन्व्हर्टर बसवा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात.

साफसफाई

कॅल्शियम भरपूर असलेल्या टाकीत पंपांवर चुना चढतो, त्यावर कोरलाइन (जांभळट, कडक शेवाळ). तीन महिन्यांत प्रवाह एवढा घटतो की लोक नवा पंप घ्यायच्या गोष्टी करतात. दर दोन-अडीच महिन्यांनी एक पंप काढा. सगळे एकाच दिवशी नको. बादलीत लिटरमागे ५०-६० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, किंवा पांढरं सिंथेटिक व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. त्यात पंप अर्धा-पाऊण तास चालवा, नंतर जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्यात पाच मिनिटं फिरवा. घरात माडाचं व्हिनेगर आहे म्हणून ते वापरू नका. शोरपोटेलसाठी (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या पदार्थासाठी) ते योग्य आहे, पण त्यातले साखरेचे आणि इतर अंश पंपाच्या कपारींत राहतात आणि टाकीत जाऊन बॅक्टेरियांना मेजवानी देतात.

पंप उघडला की तीन गोष्टी बघा. सिरॅमिक शाफ्ट: नखाने खरवडून तडा लागतो का. रबरी बुश: रोटर हाताने हलवला तर खुळखुळतो का. खुळखुळत असेल तर बुश बदला, नाहीतर रोटर घराला घासतो. आणि चुंबक: त्यावरचं प्लास्टिक किंवा इपॉक्सी फुगलंय का, कुठे तपकिरी डाग आहे का. डाग दिसला तर तो रोटर त्याच क्षणी बाद, चिकटवून परत लावू नका. आतल्या चुंबकाचा गंज पाण्यात उतरला की त्यातले धातू प्रवाळांना सोसत नाहीत. काचेबाहेरच्या चुंबकाचाही विसर पडू देऊ नका, मिठाच्या ओघळांनी तोही याच रीतीने फुगतो.

टाकीत अॅनिमोन (समुद्रफूल) असेल तर पंपांना फोमचं किंवा जाळीचं कवच लागतंच. भटकणारा अॅनिमोन एका रात्रीत पंख्यात शिरतो आणि त्याचे तुकडे टाकीभर पसरतात. तसं झालं तर आधी सगळे पंप बंद करा, दिसतील तेवढे तुकडे गाळून काढा, ताजा सक्रिय कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) लावा, वीस-पंचवीस टक्के पाणी बदला, मगच पंप सुरू करा. फोम आठवड्याला धुवावा लागतो आणि प्रवाह कमी करतो. ज्या पंपांना फोम लावणार आहात ते मुळातच एक माप मोठे घ्या.